मुक्तीचे वारस, मुक्तीचे देणेकरी

जालन्याच्या टाऊन हॉलपाशी हुतात्मा जनार्दनमामा नागापूरकर यांचे स्मारक आहे. दरवर्षी १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, तिथे सकाळी झेंडावंदन होते. पुष्पचक्र वाहिले जाते, पोलिसांची तुकडी मानवंदना देते, हयात असलेल्या मोजक्या स्वातंत्र्यसैनिकांचा आणि त्यांच्या घरच्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार होतो, आणि भाषणांत एक वाक्य हमखास येते : आपण सारे हुतात्म्यांचे ऋणी आहोत. हे वाक्य भाषणापुरते उरू नये इतके मोलाचे आहे. ऋण म्हटले की धनको आला, ऋणको आला, रक्कम आली, फेड आली. इथे धनको मरण पावलेला आहे. तो मागायला येत नाही, दिलेले घेऊ शकत नाही आणि माफही करू शकत नाही. मग अशा माणसाचे आपण देणे लागतो म्हणजे नेमके काय लागतो? मेलेल्याला ना सुख ना दुःख, तेव्हा त्याचे कसले देणे, असे म्हणणारे तत्त्वज्ञ आपल्याकडे चार्वाकापासून आहेत. दुसरे उत्तर व्यवहारी आहे : देणे आहे, आणि ते वर्षातून एकदा फुलांनी फिटते. पहिल्या उत्तरात कृतघ्नपणा आहे, दुसऱ्यात आळस आहे. माझे म्हणणे असे की हे देणे खरे आहे, वारसाहक्काने आलेले आहे, आणि त्याच्या नोंदीतला एकच भाग आपण वाचत आलो आहोत.

आपल्या परंपरेत ऋणाचा विचार करारापासून सुरू होत नाही. तैत्तिरीय संहितेत माणूस जन्मतःच तीन ऋणे घेऊन येतो असे म्हटले आहे : ऋषींचे, देवांचे आणि पितरांचे. शतपथ ब्राह्मणाने त्यात चौथे, मनुष्यांचे ऋण घातले आणि त्याची फेड घरी आलेल्याला अन्न आणि आसरा देण्यात आहे असे सांगितले. या कल्पनेचा गाभा असा की माणूस सही केल्यामुळे देणेकरी होत नाही, मिळाल्यामुळे होतो. भाषा मिळाली, शरीर मिळाले, पेरलेले शेत मिळाले, खोदलेली विहीर मिळाली; यांतले काहीही आपण मागितले नव्हते, तरी त्यावर आपण जगतो. ‘मी कुठे कबूल केले होते?’ हा प्रश्न इथे लागूच पडत नाही. आजच्या काळात सगळी कर्तव्ये संमतीतून निघतात असे मानण्याची सवय आपल्याला लागली आहे, पण आईबापांविषयीचे, गावाविषयीचे किंवा मातृभाषेविषयीचे कोणतेही कर्तव्य त्या हिशेबात बसवता येत नाही. हुतात्म्यांचे ऋण याच जातीचे आहे.

पितृऋण तर कुळापुरते असते, नागापूरकरांच्या कुळाशी ज्यांचा संबंध नाही त्यांनी त्या स्मारकापुढे वारस म्हणून का उभे राहावे, अशी शंका इथे येते. परंपरेने ती आधीच सोडवून ठेवली आहे. माघ शुद्ध अष्टमीला भीष्माला पाणी दिले जाते आणि ते कोणीही देतो, कारण भीष्म निपुत्रिक गेला आणि म्हणून तो सगळ्यांचा झाला. तर्पण करताना नातेवाइकांची नावे संपली की ज्यांना कोणीच नाही त्यांच्यासाठीही ओंजळ सोडतात, आणि शेवटी अंगावरच्या वस्त्राचे ओले टोक पिळून कुळातल्या निपुत्रिकांसाठी ते थेंब पाडतात. भाद्रपदातली शेवटची तिथी, सर्वपित्री, ज्यांची मृत्युतिथी कोणाला ठाऊक नाही त्यांच्यासाठी राखलेली आहे. जालना जिल्ह्यातल्या अंबडहून फार लांब नसलेल्या पैठणला एकनाथांच्या चरित्रात हाच विचार एक पाऊल पुढे गेलेला दिसतो. श्राद्धाच्या स्वयंपाकाचा वास घेत वाड्याबाहेर थांबलेल्या, अस्पृश्य मानल्या गेलेल्या भुकेल्या कुटुंबाला नाथांनी ते अन्न वाढले, ब्रह्मवृंदाने श्राद्धावर बहिष्कार घातला, आणि पितर स्वतः पानांवर येऊन जेवले, अशी ती कथा. ती ऐतिहासिक मानायची की नाही हे ज्याने त्याने ठरवावे. तिच्यातला निर्णय मात्र स्पष्ट आहे : कुळाबाहेरच्या भुकेल्याला दिलेले पितरांना पोचते. मेलेल्याचे देणे जिवंतांच्या हातून फिटते, आणि तो जिवंत आपल्या गोत्राचा असण्याची गरज नाही. आधुनिक राष्ट्राने स्मारके उभी केली तेव्हा ही पद्धत बाहेरून उसनी आणली असे कोणी म्हणते. दिल्लीचे १९३१ सालचे इंडिया गेट नक्कीच उसने होते, ते साम्राज्यासाठी लढलेल्या सैनिकांचे होते. पण ज्याच्याशी रक्ताचे नाते नाही त्याला आपला म्हणून पाणी देणे हे जालन्याच्या माणसाला परके नाही.

आता आपल्याला काय मिळाले ते पाहू, कारण मिळकत ठरल्याशिवाय देणे ठरत नाही. १५ ऑगस्ट १९४७ ला जालना स्वतंत्र झाले नाही. ते तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानातल्या औरंगाबाद जिल्ह्यात होते. परतूरचा भाग परभणी जिल्ह्यात होता आणि जालना जिल्हा तर १ मे १९८१ ला झाला. दिल्लीत तिरंगा चढला त्यानंतर तेरा महिने या मुलखात तो फडकवणे हा गुन्हा होता. त्याआधीही दशकभर लढा चालू होता. १९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेसवर ती रीतसर उभी राहण्याआधीच बंदी आली, सत्याग्रह झाला, वंदे मातरम् म्हटल्याबद्दल उस्मानिया विद्यापीठातून विद्यार्थी काढले गेले आणि त्यांतल्या अनेकांना नागपूर विद्यापीठाने आसरा दिला. १९४६ च्या ऑक्टोबरात नांदेड जिल्ह्यात अर्जापूरजवळ गोविंदराव पानसरे यांची हत्या झाली. पुढे कासिम रझवीच्या रझाकारांनी, म्हणजे निजामाची सत्ता टिकवू पाहणाऱ्या सशस्त्र स्वयंसेवकांनी, गावोगाव जाळपोळ, लूट आणि खून केले. सरहद्दीवरची माणसे घरदार सोडून मुंबई इलाख्यात आणि मध्य प्रांतात गेली. राजधानी हैदराबादमध्ये २२ ऑगस्ट १९४८ च्या रात्री ‘इमरोज’चे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांना रझाकारांनी ठार केले आणि त्यांचा लिहिता हात तोडला, कारण संस्थानाने भारतात विलीन व्हावे असे ते उघड लिहीत होते. १३ सप्टेंबरला भारतीय फौजा संस्थानात शिरल्या, १५ पर्यंत जालना त्यांच्या ताब्यात आले, १७ ला निजामाने शरणागती पत्करली. त्या दिवसापासून या मुलखातल्या माणसाला जे मिळाले ते छोटे नाही. फर्मानाच्या जागी संविधान आले, मत आले, मुलांना मायबोलीत शिकण्याचा हक्क आला. १९४९ मध्ये जहागिरी संपवण्याचा कायदा झाला, १९५० मध्ये कुळांना संरक्षण देणारा कायदा झाला. जनार्दनमामांसारख्यांनी जीव दिला त्याचे हे फळ आपल्या ताटात आहे, आणि त्याबद्दल मान झुकवताना कोणीही मागेपुढे पाहू नये.

त्याच मिळकतीबरोबर आणखी काही आले. १९४८ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये पंतप्रधान नेहरूंच्या सांगण्यावरून पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री हे तिघे संस्थानात हिंडले. सोळांपैकी नऊ जिल्ह्यांत ते गेले, जिथे ते गेले नाहीत अशा शंभराहून अधिक गावांतल्या माणसांशीही ते बोलले. सैन्याच्या कारवाईत आणि तिच्यानंतरच्या आठवड्यांत मुख्यतः मुसलमान अशी किमान २७ हजार ते ४० हजार माणसे मारली गेली असावीत, असा त्यांचा अंदाज होता. सर्वाधिक झळ उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या जिल्ह्यांना बसली. त्यांच्या पाठोपाठच्या चार जिल्ह्यांत, म्हणजे औरंगाबाद, बीड, नलगोंडा आणि मेदक येथे मिळून किमान पाच हजार, असे त्यांनी लिहिले, आणि औरंगाबाद म्हणताना तेव्हा त्यात जालनाही येत होते. मारले गेलेल्यांत रझाकार होते, पण ज्यांचा रझाकारांशी काही संबंध नव्हता असे शेतकरी, विणकर, दुकानदार, म्हातारी माणसे त्यांत फार मोठ्या संख्येने होती. सरकारने तो अहवाल प्रसिद्ध केला नाही. २०१३ च्या सुमारास तो दिल्लीच्या नेहरू स्मारक ग्रंथालयात वाचकांना पाहता येऊ लागला. पंचांग उघडून पाहिले तर एक गोष्ट मनाला लागते. १८ सप्टेंबर १९४८ ला भाद्रपदी पौर्णिमा होती. म्हणजे निजामाच्या शरणागतीच्या दुसऱ्या दिवसाअखेर पितृपंधरवडा सुरू झाला आणि त्याची सर्वपित्री अमावास्या आली २ ऑक्टोबरला, गांधीजींच्या खुनानंतरच्या पहिल्या गांधीजयंतीला. घरोघर पितरांना पाणी सोडले जात होते त्याच पंधरा दिवसांत याच मुलखात अशी माणसे मारली जात होती, ज्यांच्या मृत्यूची तारीख पुढे कोणी लिहून ठेवली नाही.

हे दोन्ही एकाच वारशाचे भाग आहेत असे मी म्हणतो, तेव्हा त्याला आधार लागतो, आणि तो मला याच भूमीत सापडतो. याज्ञवल्क्यस्मृतीवर ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिणारा विज्ञानेश्वर चालुक्य विक्रमादित्याच्या कल्याणीत राहत होता. ते कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण, १९४८ मध्ये हैदराबाद संस्थानातल्या बीदर जिल्ह्यातले. भारतातल्या बहुतेक हिंदू कुटुंबांचा वारसाहक्क शतकानुशतके त्याच्या ग्रंथाने ठरवला. कर्ज कोणी फेडायचे याचा क्रम सांगताना स्मृती पहिले नाव मुलाचे घेत नाही. जो मालमत्ता घेतो त्याच्याकडून आधी कर्ज वसूल करावे, असे ती सांगते. नाते नंतर येते, मिळकत आधी. इस्लामी वारसाशास्त्रातही क्रम तोच आहे : मयताच्या मालमत्तेतून दफनाचा खर्च, मग कर्ज, मग एक-तृतीयांशापर्यंत मृत्युपत्रातले दान, आणि हे सगळे झाल्यावर वारसांचे हिस्से. कर्जदार मेलेल्या एका माणसाची जनाजाची नमाज पढवायला पैगंबर थांबले, अबू कतादा या सोबत्याने ते कर्ज आपल्या अंगावर घेतले आणि मगच त्यांनी नमाज पढवली, अशी हदीस प्रसिद्ध आहे. दोन वेगळ्या धर्मपरंपरा एकाच जागी पोचतात हे मला महत्त्वाचे वाटते, कारण हा प्रश्न दोन्ही समाजांचा आहे. शेतकऱ्याला हे स्मृती किंवा हदीस न वाचताही कळते. शेत नावावर झाले की सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यातला बोजाही त्याच्याबरोबर येतो; उताऱ्यावर आपले नाव हवे आणि तो रकाना नको, असे तलाठ्याला सांगता येत नाही.

या विचारावर पहिला आणि सर्वांत जड आक्षेप असा की हे कर्ज नव्हे, हा अपराध आहे, आणि अपराध वारसाने येत नाही. हा आक्षेप घेणाऱ्याला स्मृतीचा आधारही मिळतो. बापाने दारूपायी, जुगारापायी केलेले कर्ज किंवा त्याच्यावर बसलेला दंड मुलाने फेडू नये, असे याज्ञवल्क्यानेच सांगितले आहे. २००५ च्या दुरुस्तीने तर बापाचे कर्ज फेडण्याचे मुलाचे धार्मिक बंधन पुढच्या कर्जांपुरते कायद्यातूनच काढून टाकले. मी हे सगळे मान्य करतो. १९४८ मध्ये ज्याने कोयता उचलला त्याचे पाप त्याच्याबरोबर गेले; त्याच्या नातवाला त्यासाठी खाली पाहायला लावणे हा अन्याय होईल, आणि आज एखाद्या मुसलमान मुलाला रझाकारांचा जाब विचारणे हाही तितकाच अन्याय आहे. पण दंड आणि देणे यांत फरक आहे. दंड अपराध करणाऱ्याच्या अंगावर बसतो, देणे मिळकतीवर बसते. ओसाड पडलेली घरे, सोडून दिलेली शेते, बंद झालेली दुकाने यांचे पुढे काय झाले, कोणाच्या ताब्यात गेली, हा प्रश्न कोणाच्या रक्ताचा नाही, मिळकतीचा आहे. आणि याहून मोठी मिळकत म्हणजे खुद्द ते राज्य, जे १७ सप्टेंबरला आपले झाले. नव्या राज्याचे पहिले काम आपल्या रयतेचे रक्षण हे होते. त्या आठवड्यांत ते काम झाले नाही. ज्या राज्याचा झेंडा आपण अभिमानाने फडकवतो त्याचेच ते राहिलेले काम आहे, आणि राज्य मरत नाही, त्यामुळे त्याचे देणेही मरत नाही.

वारशातले काय घ्यावे आणि काय नाकारावे हे आपल्याला ठरवता येते, याचा पुरावाही याच जिल्ह्यात आहे. इथल्या असईला २३ सप्टेंबर १८०३ रोजी ईस्ट इंडिया कंपनीचा सेनापती वेलस्ली याच्या फौजेने शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला. कंपनीच्या ज्या पलटणी तिथे लढल्या, त्यांतल्या काहींचा वंश आजच्या भारतीय लष्करात आहे आणि असईचा रणसन्मान त्यांना वारशाने मिळाला होता. आपल्याच माणसांविरुद्ध मिळवलेले असे सन्मान स्वतंत्र भारताच्या लष्कराने साजरे करायचे थांबवले. वंश तोच, पलटण तीच, पण खोटा मान नको, हा निर्णय घेता आला. खोटा मान नाकारायला जो विवेक लागतो, तोच खरे देणे कबूल करायला लागतो.

दुसरा आक्षेप भावनेचा आहे आणि त्यामागे खरी जखम आहे. ज्यांच्या घरातली माणसे रझाकारांनी मारली, ज्यांच्या गावांची राखरांगोळी झाली, त्यांच्यापुढे दुसऱ्या बाजूच्या मृतांचा विषय काढणे म्हणजे हुतात्मा आणि अत्याचारी यांना एका पारड्यात बसवणे नाही का? बसवले तर तो नक्कीच अन्याय आहे, आणि तसे घडल्याची उदाहरणे आहेत. डब्लिन ही आयर्लंडची राजधानी. ब्रिटिशांविरुद्धच्या १९१६ च्या उठावाच्या शताब्दीला तिथल्या ग्लासनेव्हिन दफनभूमीत एक भिंत उभारली गेली. तिच्यावर त्या उठावात मेलेल्या सर्वांची, म्हणजे क्रांतिकारक, सामान्य नागरिक आणि ब्रिटिश सैनिक अशी ४८८ नावे सरसकट, तारखेच्या क्रमाने कोरली होती. २०१७ मध्ये तिच्यावर रंग फेकला गेला, २०२० मध्ये ती हातोड्याने फोडली गेली, आणि शेवटी २०२२ मध्ये ती नावे काढून टाकण्यात आली. बर्लिनच्या नॉये वाखे या स्मारकात १९९३ मध्ये केथे कोल्विट्झच्या मृत मुलाला कवटाळलेल्या आईचे शिल्प बसवले आणि ते युद्धाच्या व जुलमाच्या सर्व बळींना अर्पण केले. मारणारे आणि मारले गेलेले एकाच शब्दात सामावले, अशी टीका झाली, तेव्हा दाराशी वेगळी पाटी लावून बळी कोणकोण होते ते स्पष्ट करावे लागले. तोडफोड निंद्य होती, टीकेतले म्हणणे बरोबर होते. ज्याने जीव दिला आणि ज्याचा जीव घेतला गेला, ते दोघेही आदराला पात्र आहेत, पण एकाच आदराला नाहीत. पहिल्याला कृतज्ञता द्यायची असते, दुसऱ्याला कबुली. टाऊन हॉलचे स्मारक जनार्दनमामांचे आहे आणि त्यांचेच राहिले पाहिजे. त्यावर दुसरे एकही नाव घालू नये. कबुलीची जागा वेगळी हवी. रझाकाराला तर कुठल्याच दगडावर जागा नाही.

उलट मला असे वाटते की दुसरी नोंद टाळल्याने हुतात्म्यांचेच देणे अपुरे राहते. हा लढा मुसलमानांविरुद्ध नव्हता, हे त्याच्या नेत्यांनी पुन्हा पुन्हा सांगितले. ते खरे मानायचे असेल तर शोएबुल्ला खान यांचे नाव १७ सप्टेंबरच्या प्रत्येक भाषणात आले पाहिजे, आणि ते क्वचितच येते. लढ्याचे नेतृत्व स्वामी रामानंद तीर्थांनी केले, ते संन्यासी होते. संन्यास घेताना माणूस स्वतःचे श्राद्ध आधीच उरकतो, कुळ सोडतो. त्याला पिंड लागत नाही, वारस लागत नाही. १९३२ मध्ये ज्याने आपली सगळी ऋणे अशी मिटवली होती, तो माणूस पुढे पुन्हा पुन्हा तुरुंगात गेला, तो कोणाच्या देण्यासाठी? शतपथातले चौथे ऋण, माणसांचे ऋण, एवढेच त्याच्याकडे शिल्लक होते असे मी समजतो. असा धनको आपल्याकडे स्वतःसाठी काही मागत नाही. त्याचे देणे ज्यांच्यासाठी तो लढला त्यांच्याकडे वळते. आणि तो लढला तो एका धर्माच्या नावाने इतरांना दुय्यम ठरवणाऱ्या सत्तेविरुद्ध. ती सत्ता पडल्यानंतर लगेच धर्मावरून माणसे मारली गेली असतील, तर ज्या तत्त्वासाठी हुतात्मे गेले त्यालाच त्या दिवसांत जखम झाली. ती लपवून हुतात्म्यांना फुले वाहणे म्हणजे त्यांच्या बलिदानाचे मोल कमी करणे आहे.

तिसरा आक्षेप काळाचा. पाऊणशे वर्षे होऊन गेली, जुने उकरून काढायचे कशाला, आणि आकडे तरी कुठे नक्की आहेत? आकडे अंदाजाचे आहेत हे खरे, आणि अहवाल लिहिणाऱ्यांनीही ते अंदाज म्हणूनच दिले. त्यांच्यावर शंका घेण्याचा हक्क अभ्यासकाला आहे. पण रझाकारांनी मारलेल्यांचा तरी एकेक आकडा कुठे पक्का आहे? तिथे आपण अंदाजावर श्रद्धांजली वाहतो, मग इथे अंदाज आहे म्हणून गप्प बसणे बरे नव्हे. राहिली मुदत. पैशाच्या कर्जाची मुदत आपल्या कायद्यात तीन वर्षांची आहे, मात्र ती संपल्यावर कोर्टात जाण्याची वाट बंद होते, कर्ज नाहीसे होत नाही. १८७२ च्या करार कायद्यात तर मुदतबाह्य कर्ज फेडण्याचे लेखी वचन वैध धरले आहे. म्हणजे जुन्या देण्याला जिवंत करायला लेखी दिलेली प्रामाणिक कबुली आणि फेडीचे वचन पुरते. मुसलमान धर्मशास्त्रातही माणसाने माणसाचा जो हक्क बुडवला, तो अन्याय झालेल्याने सोडल्याशिवाय किंवा त्याची भरपाई झाल्याशिवाय सुटत नाही, असे मानतात. एकदा कबूल केले की मागण्या वाढतच जातील अशी भीती कोणाला वाटेल, तर तिच्यावरही उपाय आपल्याच न्यायात आहे. दामदुपटीचा नियम असा की थकलेले व्याज मुद्दलापेक्षा जास्त वाढू शकत नाही. कुळाला कायमचे गहाण ठेवणारे कर्ज धर्माला मान्य नव्हते. तक्रारीलाही तशी हद्द असते. १९४८ चे देणे सांगून २०४८ मध्ये कोणाचा तरी सूड घ्यावा, किंवा ते रोज उगाळून मते मिळवावीत, हा त्या मुद्दलावरचा बेकायदा व्याजदर आहे, मग तो कोणत्याही पक्षाने लावो.

मग फेड कशी करायची? पैशाने ती आता फारशी होणार नाही. ज्यांना द्यायचे त्यांतले बहुतेक गेले, काही सीमेपलीकडे गेले. खरी फेड नोंदीची आहे. सुंदरलाल समितीच्या अहवालाचा चांगला, टिपांसह मराठी अनुवाद मराठवाड्यातल्या प्रत्येक महाविद्यालयाच्या ग्रंथालयात असला पाहिजे, आणि रझाकारांच्या अत्याचारांचे पुरावेही तितक्याच काळजीने छापलेले त्याच्या शेजारी असले पाहिजेत. शाळेत १७ सप्टेंबरला जो इतिहास सांगितला जातो तो त्या तारखेला थांबू नये, पुढचे पंधरा दिवसही त्यात यावेत. लहान मुलांना हे जड जाईल असे म्हणणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे की रझाकारांच्या गोष्टी आपण त्याच मुलांना बिनदिक्कत सांगतो.

या नोंदीची सुरुवात कुठून करावी याचे उत्तर मला त्याच अहवालात दिसते. तो केवळ क्रूरतेचा हिशेब नाही. हिंदू शेजाऱ्यांनी मुसलमान बायामाणसांना घरात लपवले, हिंदू विणकरांनी हिंदू हल्लेखोरांविरुद्ध मुसलमान विणकरांच्या बाजूने उभे राहून स्वतः जीव गमावले, हेही त्यात लिहिलेले आहे. ही माणसे कोणत्याच स्मारकावर नाहीत. ती रझाकारांशी लढताना गेली नाहीत म्हणून हुतात्म्यांच्या यादीत बसत नाहीत, आणि ती हिंदू होती म्हणून दुसऱ्या यादीतही बसत नाहीत. पण मुक्तीचा अर्थ त्यांच्याइतका कोणाला कळला होता? त्यांना कृतज्ञता द्यायची आहे आणि त्यांच्याच साक्षीने कबुलीही द्यायची आहे. रझाकारांच्या काळात हिंदूंना आसरा देणारे मुसलमान शोधले, तर तेही याच यादीत बसतील. तेव्हा आठ-दहा वर्षांची असलेली माणसे आज पंच्याऐंशीच्या पुढे आहेत. भोकरदन, जाफराबाद, अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा या भागात ती अजून भेटतील, पण फार वर्षे भेटणार नाहीत. जिल्ह्यातल्या महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी विद्यार्थ्यांना वह्या आणि ध्वनिमुद्रक देऊन गावोगाव पाठवावे, कोणाच्या घराने कोणाला लपवले होते एवढेच आधी विचारावे, आणि जे मिळेल ते नावगावासह जिल्हा ग्रंथालयात जमा करावे. यासाठी वेगळा निधी किंवा मंत्रालयाचा आदेश लागत नाही. येत्या सत्रातच ते सुरू करता येईल.